घरच्या प्रार्थनेची वेळ कुणाच्या घड्याळाने ठरवायची?

सिडकोची_सून

जय ख्रिस्त, मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. नवरा अंबडच्या कंपनीत, शिफ्ट फिरत्या. मुलगा दहावीला, मुलगी चौथीत. सासूबाईंना पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण "पाणी" म्हणायला गेल्या की तोंडातून भलतंच काहीतरी येतं, मग चिडतात, मग रडतात.

आमच्या घरात पूर्वापार रीत, रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना. सासरे होते तोवर घड्याळ लावून घ्यावं इतकी ती वेळ पक्की. एक गीत, अख्खा अध्याय शास्त्रपाठ, मग लहानथोर सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना करायची, शेवटी प्रभूची प्रार्थना. पाहुणे आले तरी त्यांनाही बसवायचे. आता आठला घरात असतं कोण? नवरा सेकंडला असला की मध्यरात्री येतो, नाइटला असला की त्याच सुमाराला डबा घेऊन निघतो. मुलाचा क्लास साडेआठला सुटतो. उरलो मी, आई आणि मुलगी. शिवाय समोरच्या घरातली मालिका, फुल आवाजात.

सगळे असतात त्या दिवशीही धड होत नाही. मुलगा परवा तोंडावर म्हणाला, "पप्पा प्रार्थना करत नाहीत, देवाला सांगायच्या निमित्ताने मला झापतात. 'याला मोबाइलपासून सोडव, याला अभ्यासाची बुद्धी दे.' मी समोरच बसलेलो असतो ना!" तेव्हापासून आठ वाजले की त्याच्या पोटात दुखतं.

रविवारी मी आणि नवरा आळीपाळीने उपासनेला जातो, कारण आईंजवळ कुणीतरी लागतं. कितीतरी महिने आम्ही चौघं एका बाकावर बसलेलो नाही.

उपदेश नको आहे. "वेळ काढला पाहिजे", "प्रभूला प्रथम स्थान" हे सगळं मला पाठ आहे, मी शब्बाथशाळा शिकवलेली बाई आहे. तुमच्या घरात प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगा. आणि रविवारचं सोडा, मंगळवारी दुपारी तीन वाजता, चादरी बदलून झाल्यावर, तुम्हाला उभारी कशाने येते?

गंगापूर_रोड_वाला

वाचतोय. आमच्याकडेही हाच गोंधळ आहे.

जेलरोडकर

ताई, आमच्याकडे बैठक मारून प्रार्थना केव्हाच बंद पडली. माझ्या वडिलांना ते फार लागलं होतं. मग बायकोने बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून त्यांच्यापुढे ठेवला. मुलांना या गोष्टी कधी सांगायच्या? घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. म्हणाली, "बाबा, यात रात्री आठ कुठे लिहिलंय?" बाबा हसले आणि विषय मिटला.

सध्या माझी प्रार्थना गाडीवर होते. सकाळी धाकट्याला शाळेत सोडतो. बिटको चौकाच्या सिग्नलला थांबलो की तो मागून सांगतो, आज कुणासाठी. कधी गणिताच्या बाई, कधी सोसायटीतलं लंगडं कुत्रं. सिग्नल सुटेपर्यंत आमेन झालेलं असतं.

रविवारचं म्हणाल तर नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ. उपासना सुटली की थेट तिकडेच. पोरं उपासनेला मिसळीसाठी येतात हे मला माहीत आहे. येऊ देत. येशूपाशी पाच हजार लोक डोंगरावर जेवले, ते सगळे काय फक्त प्रवचन ऐकायला थांबले होते?

वसईची_लेक

हाहा, मिसळीला +१.

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमचा प्रश्न थोडा वेगळा. माहेरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या ठरलेल्या प्रार्थना, म्हणजे सगळं गाव एकाच वेळी घराघरांत. लग्न होऊन नाशिकरोडला आले आणि फ्लॅट संस्कृतीत ते गेलंच. पण रोझरीचा एक फायदा आहे, शब्द आपल्याला शोधावे लागत नाहीत. दमून आलेल्या माणसाला "मनापासून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना कर" म्हणणं म्हणजे आणखी एक काम लावणं. तुमच्या मुलालाही हेच सांगून बघा. स्वतःची प्रार्थना नको, फक्त प्रभूची प्रार्थना आपल्याबरोबर म्हण. त्यात कुणालाच झापता येत नाही. उलट "आमच्या ऋण्यांना सोडलं" हे बापालाही म्हणावं लागतं.

आणि आईंसाठी तुमच्या पाळकसाहेबांशी बोललात का? आजारी माणसाला घरी येऊन प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, देतात. आमच्याकडेही चर्चमधून पवित्र कम्युनियन घरी आणतात. त्या दिवशी सगळे घरी असतील अशी वेळ मागून घ्या, म्हणजे चौघं एका बाकावर नाही तरी एका पलंगाभोवती बसाल.

सडेतोड

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

आमच्या वडिलांना कॅन्सर होता तेव्हा घरी "उत्तेजन द्यायला" येणाऱ्यांनी माझ्या आईचं जगणं नको केलं. एक गट आला, सांगून गेला की घरात विश्वास कमी पडतोय. दुसऱ्याने विचारलं, कुणाचं एखादं लपलेलं पाप आहे का. आई बिचारी चहा ठेवत होती आणि ऐकत होती. वडील गेल्यावर त्यातलं कुणी फिरकलंही नाही. तेव्हापासून "प्रोत्साहन" म्हटलं की मी दार लावून घेतो. ताई, तुमच्याकडेही अशी माणसं येतील. चहा पाजा आणि बोळवण करा.

पेटीवाले_काका

सडेतोड, राग कशाला मानायचा, बरोबर लिहिलंत. तुमच्या आईंना ज्यांनी हे ऐकवलं त्यांनी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं, अर्धवटच वाचलेलं दिसतं.

ईयोबाचे तीन मित्र आले, त्यांनी त्याला दुरूनच पाहिलं, ओळखू येईना, रडले. मग सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं होतं. इथवर त्यांना शंभर पैकी शंभर. नंतर तोंड उघडलं आणि तेच सुरू केलं जे तुमच्या आईंनी ऐकलं. काहीतरी पाप असणारच, आठवून बघ. शेवटच्या अध्यायात देव त्या तिघांवर संतापतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र म्हणतो, हा नीट बोलला. हे प्रवचनात फारसं येत नाही, का ते आपण जाणतोच.

मी निवृत्त शिक्षक, मंडळीत पेटी वाजवतो. आजाऱ्याकडे जाताना माझा एक नियम आहे. तीन वाक्यांच्या वर बोलायचं नाही आणि निघताना एखादं काम करून निघायचं. बल्ब बदल, गॅस सिलिंडर बदल, रिक्षा आणून दे.

सडेतोड

काका, 🙏. आईला हे वाचून दाखवतो.

रातपाळी_सिस्टर

सिडकोच्या ताई, मंगळवार दुपार तीन वाचून थांबले. मी नर्स आहे. रुग्णाइतकंच रुग्णाजवळच्या बाईकडे बघायची सवय लागली आहे.

बायबलमधलं 'पहिलं राजे' हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आदल्याच अध्यायात याने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवलाय! देवदूत येतो. प्रवचन नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" नाही. उठवतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो, म्हणतो, कारण वाट तुला फार लांबची आहे. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी.

म्हणून विचारते, तुम्ही झोपता किती? दिवसातून एकदा तरी गरम जेवता का? महिला मंडळात सांगून आठवड्यातून एक दुपार कुणाला तरी आईंजवळ बसवा आणि तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपा. त्या वेळेत शास्त्र वाचायला बसू नका. नुसत्या झोपा.

निफाडची_शेतकरीण

सिस्टरांशी सहमत. आमच्याकडे द्राक्षाची बाग. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली की मग फवारण्या, थिनिंग, डिपिंग, घरात माणूस बसलेला दिसत नाही. प्रार्थना होते बांधावर, न्याहारीला भाकरी सोडताना. मजूर बायका हिंदू असतात, त्याही हात जोडून थांबतात, मग म्हणतात, "बाई, पावसाचं पण सांगा त्याला."

एके वर्षी मण्यात पाणी भरायच्या वेळेला गारपीट झाली. घडच्या घड खाली. नवरा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आमच्या मंडळीतल्या बायका आल्या, कुणी हुंदका काढला नाही, वचन सांगितलं नाही. पदर खोचले, तारेखाली शिरल्या आणि फुटलेले मणी कात्रीने काढत राहिल्या, म्हणजे उरलेला घड सडू नये. संध्याकाळी निघताना एकीने नवऱ्याला सांगितलं, "दादा, चर्चच्या कापणीच्या सणाला द्राक्षाची पेटी आणायची बरं का, लिलावात मीच घेणार." त्या वर्षी पेटी नव्हतीच, एक पाटी नेली. तिने लिलावात बोली चढवत चढवत अशी काही नेली की सगळं चर्च हसायला लागलं. नवराही.

मिश्र_घर

माझी परिस्थिती आणखी निराळी. मी ख्रिस्ती, नवरा हिंदू, सासू-सासरे वारकरी. आमच्या घरात "कौटुंबिक प्रार्थना" असं काही होऊच शकत नाही. संध्याकाळी सासूबाई दिवा लावतात, हरिपाठ म्हणतात, मी मुलीला घेऊन आत बसते.

मला आधार कुणाचा वाटतो सांगू? प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याच्या घराचा. आई विश्वासू यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. बापाच्या विश्वासाबद्दल शास्त्र काहीच बोलत नाही. पौल लिहितो, हा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता. दोन बायकांनी मिळून एक पोरगा वाढवला.

आणि आपल्या नाशिकच्याच लक्ष्मीबाई टिळक. जन्म जलालपूरचा, बापाचं सोवळं इतकं कडक. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात ताटातूट, नंतर एका छताखाली दोन धर्म. टिळकांची भजनं आज मराठी चर्चमध्ये सगळे म्हणतात, पण ज्या घरातून ती आली त्या घरात नवरा-बायकोने एकमेकांना किती वर्षं वेळ दिला ते कुणी बोलत नाही. म्हणून दहावीच्या मुलाला दोन-चार वर्षं प्रार्थनेला नको वाटलं तर मी घाबरणार नाही.

शरणपूरची_नात

थोडं अवांतर, पण राहवत नाही. "घरात असतं कोण" या प्रश्नावरून आठवलं.

शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली. पुढे तिथे आफ्रिकेतली मुलं आली. अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जात होती, इंग्रजी आरमाराने सोडवलेली. आईबाप कुठे, गाव कुठलं, काही पत्ता नाही. शाळा, सुतारकी, लोहारकी आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, सगळं नाशिकात. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा हा बरोबर होता. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना यानेच वाचली. मग सगळ्यांनी मिळून देह कित्येक महिने पायी समुद्रापर्यंत वाहून नेला. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तिथेही हा होता. ज्याला स्वतःचं घर आठवत नव्हतं अशा पोराला प्रार्थना पाठ होती आणि ती ऐन वेळी उपयोगी पडली. आमची आजी ही गोष्ट घरातल्याच कुणाचीतरी असावी तशी सांगायची.

गंगापूर_रोड_वाला

अवांतर असलं तरी भारी. शरणपूर रोडने रोज जातो, हे माहीत नव्हतं.

वाचाउपचार

मी स्पीच थेरपिस्ट. धागा उशिरा पाहिला. सिडकोची_सून, एकच प्रश्न. आई गातात का? म्हणजे आजाराआधी गायच्या का, आणि आता कुणी पाठ असलेलं गीत म्हटलं तर काय करतात?

विचारायचं कारण, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग आणि बोलणं जातं, याला वाचाघात म्हणतात. पण गाण्यात उजवा मेंदूही भाग घेतो. त्यामुळे एक शब्द बोलता न येणारा माणूस कधी कधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतो. प्रभूची प्रार्थना, पाढे, वारांची नावं, असं तोंडात बसलेलंही कधी कधी शाबूत असतं. यावर आधारलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी १९७० च्या दशकापासून वापरात आहे. रोजची छोटी वाक्यं, "पाणी दे", "बाहेर ने", दोन सुरांत गाऊन म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टाप द्यायची. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही आणि घरच्या घरी अर्धवट करायची गोष्ट नाही, थेरपिस्टला दाखवाच. पण गाऊन बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

सिडकोची_सून

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण घरात जरा धांदल झाली. चांगली धांदल.

आई मंडळीच्या गायनवृंदात होत्या, आल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात. पण झटका आल्यापासून आम्ही त्यांच्यासमोर गीत म्हणायचंच बंद केलं होतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. वाचाउपचार यांची पोस्ट वाचली आणि दुपारी त्यांच्या केसांना तेल लावताना टिळकांचं एक जुनं भजन गुणगुणायला लागले. पहिली ओळ म्हटली. दुसरीला मुद्दाम थांबले. त्यांनी म्हटली. शब्दांसकट, सुरात, थोडी जड जिभेने. तेलाची वाटी माझ्या हातातून कॉटवर कलंडली ती तशीच. मी तिसरी म्हटली, त्यांनी चौथी. मग डाव्या हाताने कॉटच्या कडेवर थाप मारून मला थांबवलं. मला वाटलं दमल्या. तर नाही, मी चाल चुकवत होते! परत पहिल्यापासून घ्यायला लावली.

मुलगी ओरडत आतल्या खोलीत गेली, "दादा, आजी बोलली!" तो आला, हेडफोन गळ्यात, दारातच उभा. म्हणाला, "आजी, परत." आजीने परत म्हटलं. आपल्याला वाटतं तसं काही तो लगेच प्रार्थनेला वगैरे बसला नाही. पण मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री पप्पांना पाठवलं. ते नाइटला होते. ब्रेकमध्ये ऐकलं म्हणे, आणि मशिनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून गेटपर्यंत आले.

आता प्रार्थनेची वेळ आईंच्या व्यायामानंतरची, साडेचारच्या सुमाराला. जो घरात असेल तो. एक भजन, प्रभूची प्रार्थना, बस. अध्याय नाही. नवऱ्याला हे थोडं खटकलं, "बाबांनी अख्खा अध्याय कधी चुकवला नाही" म्हणाला. मी वसईच्या ताईंचं वाक्य ऐकवलं, ऋण्यांना सोडण्याचं, तेव्हा गप्प बसला. मुलगा रोज येत नाही. आला तर बोलत नाही, कॅहॉनवर, म्हणजे बसून वाजवायच्या लाकडी खोक्यावर, हलका ठेका धरतो. त्याच्याबद्दल मोठ्याने प्रार्थना करायची नाही असा घरात करार झाला आहे, त्याच्या पप्पांनी पाळला तर.

आजपासून महिला मंडळातल्या एक मावशी दुपारी दोन तास येऊ लागल्या आहेत. सिस्टर, मी झोपले. गाढ.

थेरपिस्टची वेळ घेतली आहे. पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी येत्या आठवड्यात येतील, नवऱ्याची फर्स्ट आहे तेव्हा.

आता एक अडचण. आईंना जुन्या चालीच हव्या असतात. यूट्यूबवर मिळतं ते सगळं नव्या चालीत, गिटारवर. ते लावलं की तोंड फिरवतात. त्यांच्या वहीत गीतांच्या पहिल्या ओळी आहेत, चाल मला येत नाही. कुणाकडे जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत का?

वसईची_लेक

किती छान ताई! आमच्या रोझरीच्या गटात आईंचं नाव घेतलं आहे.

वाचाउपचार

उत्तम. थाप डाव्या हाताने मारतात हे थेरपिस्टला आवर्जून सांगा, तिथूनच सुरुवात करता येईल. आणि चाल चुकवत जा अधूनमधून. 😄

पेटीवाले_काका

रेकॉर्डिंग कशाला हवं? पहिल्या ओळींचा फोटो खाजगी निरोपात टाका. रविवारी उपासना सुटली की पेटी घेऊन येतो, आल्टो लावायला खालचा सूर कुठला ते आईंनाच विचारू. चहा बिनसाखरेचा लागतो.

सिडकोची_सून

काका, टाकला फोटो. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट बंद आहे. मुलगा खाली येईल पेटी उचलायला, त्याला सांगितलंय.

जेलरोडकर

येताना मिसळ पार्सल घेऊन या काका, पोरगं पेटी दोनदा उचलेल.